वारा सरला का?

हा जो फोटो दिसतोय तो पोटाचा एक्स-रे आहे, आतडं अडलेल्या पेशंटला उभं करून काढलेला. या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतायत ना, त्याच्या खाली आतड्यात साठलेलं पाणी आणि वरचं काळं दिसतंय ती हवा, पुढे वाटच नाही म्हणून सगळं जागच्या जागी तुंबलंय.

अशा बऱ्याच पेशंटच्या पोटाचं ऑपरेशन आधी कधीतरी झालेलं असतं, महिन्यापूर्वी किंवा वीस वर्षांपूर्वीसुद्धा. आतली जखम भरताना चिकट पट्टे तयार होतात आणि आतडं आतड्याला नाहीतर पोटाच्या भिंतीला चिकटतं. यात सर्जनचं काही चुकलं असं नसतं हो, पोट उघडलेल्या बहुतेकांना थोडंफार चिकटतंच आणि आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण एखाद्याचं आतडं नेमकं तिथे मुडपतं, पाण्याच्या पाइपला घडी पडते तसं, मग उलट्या, राहून राहून येणाऱ्या कळा, पोट ढोल, संडास बंद, गॅसही बंद.

आणि घरच्यांचा पहिला प्रश्न, परत फाडणार का?

पूर्वी उत्तर बहुतेक वेळा हो असायचं. आतडं अडलं की सूर्य मावळायच्या आत ऑपरेशन, असा सर्जन लोकांचा जुना नियमच होता. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) जे चिकटलंय ते सोडवायला पोट उघडायचं आणि उघडलं म्हणून परत नवीन चिकटायचं.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन ओवेन वांगेनस्टीन यांनी १९३० च्या दशकात वेगळी वाट धरली, नाकातून पोटात नळी घातली आणि बाटल्यांतल्या पाण्याच्या उताराने ओढ तयार करून तुंबलेलं बाहेर काढायला लागले. सायफनच तो, पण त्याने जीव वाचले.

आजही सुरुवात तीच, नाकातली नळी म्हणजे रायल्स ट्यूब. घालताना त्रास होतो, खोटं कशाला सांगू, घशाशी आली की डोळ्यातून पाणी येतं आणि सिस्टर म्हणत असते गिळा, गिळा, अजून एकदा गिळा. मग बॅगेत हिरवट पाणी उतरायला लागतं, कधी पहिल्या तासाभरातच लिटरभर, आणि पोट सैल पडत जातं तसा पेशंटचा चेहरा बदलतो.

घरचे विचारतात, तोंडाने काहीच देत नाही तर हे एवढं येतंय कुठून? तर लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून दिवसाला सात-आठ लिटर पाणी आपलंच शरीर आतड्यात सोडत असतं. एरवी ते परत शोषलं जातं, अडथळा असला की ते आत साचतं आणि बाहेर माणूस सुकत जातो, नाडी पळते, लघवी कमी होते. म्हणून सलाईन, आणि सलाईनमधून पोटॅशियम, कारण ते कमी पडलं तर मुळात थकलेलं आतडं अजूनच सुस्तावतं. लघवी मोजायची, बॅग मोजायची, सगळं तक्त्यावर. नुसतं पडून राहिल्यासारखं दिसतं पण यालाच ट्रीटमेंट म्हणतात.

मग येतं गॅस्ट्रोग्राफिन, एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध, साधारण १०० मिली, नळीतूनच देतात आणि नळी काही वेळ बंद ठेवतात. ते इतकं दाट असतं की सुजलेल्या आतड्याच्या भिंतीतलं पाणी आत ओढून घेतं, त्यामुळे कधीकधी वाट मोकळी व्हायलाही मदत होते. २४ तासांच्या आत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं दिसलं तर ऑपरेशन बहुधा टळलं.

पण हे थांबणं सगळ्यांसाठी नाही. राहून राहून येणारी कळ अखंड व्हायला लागली, ताप आला, हात लावू देत नाही इतकं पोट दुखायला लागलं, रक्तात लॅक्टेट (शरीरात कुठे ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा पदार्थ) चढलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा अडकल्याची शंका येते, तिथे वाट बघणं म्हणजे आतडं सडू देणं, सरळ ऑपरेशन. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर लगेच अडलं तर दुर्बिणीसाठी पाडलेल्या भोकातून आतडं बाहेर शिरलंय का तेही सीटी स्कॅनवर बघतात. असं काही नसेल तर साधारण ७२ तास बघतात, आणि निम्म्याहून बरेच जास्त पेशंट तेवढ्यात सुटतात.

तिसरा दिवस, सकाळचा राउंड. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि विचारतात, वारा सरला का? पेशंट संकोचून हळूच म्हणतो, पहाटे दोनदा. आख्ख्या खोलीत हसू.

नळी आधी बंद करून बघतात, उलटी नाही, मग काढतात. घोटभर पाणी, तासाभराने अजून घोटभर. पट्टे आत तसेच आहेत, परत अडू शकतं, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर पेनने अधोरेखित केलेली एकच ओळ आहे: उलट्या आणि गॅस बंद, दोन्ही एकदम झालं तर रात्र न काढता यायचं.