टॉवेल कुणी विणले?

नमस्कार श्रोतेहो. विषय जड आहे, युद्धगुन्हे. पण आधी टॉवेलांची गोष्ट सांगतो. घरचे आता ती ऐकून घेत नाहीत, म्हणून तुम्ही सापडलात.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली गोष्ट. एका गृहस्थांनी धाकट्या लेकीच्या लग्नात मानपानाला द्यायला तीनशे टॉवेल विणायला टाकले, काठाला वधूवरांची नावं घालून. हल्ली लोक पाकीट देऊन मोकळे होतात. आणि चादर घ्यायची वेळ आली की पानिपतची घेऊन तिला सोलापुरी म्हणतात! असो. थोरलीच्या लग्नाचे टॉवेलही याच कारखान्यात झाले होते. मागावर नक्षी आणि नावं उठवणाऱ्या जकार्डचे ते जुने भोकांचे पत्ते माळ्यावर पडून होते. जॉबरनं, म्हणजे मागांवरच्या मुकादमानं, तेच मागावर चढवले. मांडवात गठ्ठा सुटला, तर प्रत्येक टॉवेलवर थोरली आणि थोरले जावई! नवरदेव म्हणाला, "मी नक्की कुणाच्या लग्नाला आलोय?"

आमचे मामा वकील. त्यांनी कारखान्यातच सगळ्यांना बसवलं.

विणकर म्हणाला, "जॉबरनं सांगितलं, चालू दे. नाही म्हटलं असतं तर उद्यापासून काम बंद."

"तुला वाचता येतं?"

"येतं की."

"नवरीचं नाव ठाऊक होतं?"

"शेजारचीच पोरगी. पत्रिका आहे घरी."

जॉबर म्हणाला, मालकांची घाई. मालक म्हणाले, मला यातलं काही माहीतच नव्हतं. मामा म्हणाले, "रोज सकाळी त्याच मागाशेजारी उभं राहून चहा घेता. समोर टॉवेल उतरत होते, ते दिसले नाहीत?"

शेवटी मालक म्हणाले, कारखान्याच्या नावावर टाका नुकसान. मामांनी नकारार्थी मान हलवली. कारखान्यानं चूक केली म्हणजे कुणी? त्यांनी कागदावर तिघांची नावं लिहिली. मालकाच्या नावापुढे मोठा आकडा, जॉबरच्या त्याहून कमी, विणकराच्या सगळ्यात लहान. पण शून्य कुणापुढे नाही.

आता कायदा. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधिकरणानं 1946 च्या निकालात हेच म्हटलं: आंतरराष्ट्रीय गुन्हे माणसं करतात, अमूर्त संस्था नव्हेत. पुन्हा सांगतो, माणसं करतात. बावीस आरोपींचा निकाल लागला, त्यात तिघे निर्दोष सुटले. म्हणजे प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

युद्धात माणूस मारला की युद्धगुन्हा झाला, असं नाही. सैनिकानं लढणाऱ्या सैनिकावर गोळी झाडणं गुन्हा नाही. शरण आलेल्याला मारणं, कैद्याचा छळ, सामान्य माणसांवर मुद्दाम हल्ला, ओलीस धरणं, लूटमार, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवणं, हे युद्धगुन्हे. दवाखान्यांवर आणि जखमींवर उपचार करणाऱ्यांवर मुद्दाम हल्ला करणंही. आपले डॉक्टर कोटणीस सोलापुरातून चीनला गेले ते अशाच जखमींसाठी. 1949 चे चार जिनिव्हा करार आणि 1998 चा रोम करार हे यातले मुख्य कागद. रोम करारावरच हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय चालतं. जिनिव्हा करार भारताला मान्य आहेत, रोम करारात भारत नाही.

"वरून हुकूम होता" हा आपल्या विणकराचा बचाव. रोम करार म्हणतो, हुकूम पाळणं कायद्यानं बंधनकारक हवं, तो बेकायदा आहे हे ठाऊक नसावं, आणि त्याचा बेकायदेशीरपणा उघड दिसणारा नसावा. तिन्ही जमलं तरच सुटका. पत्रिका घरी असणाऱ्याला हे जमत नाही!

आणि चहा पिणारे मालक? सेनापतीला माहीत होतं, किंवा त्या परिस्थितीत माहीत असायला हवं होतं, तरी त्यानं हाताखालच्यांना थांबवलं नाही, चौकशीही लावली नाही, तर तो जबाबदार. राष्ट्रप्रमुखपदाची ढालही तिथे चालत नाही.

एक खरा खटला सांगतो. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या 1995 च्या हत्याकांडात गोळ्या झाडणारा एर्देमोविच नावाचा तरुण सैनिक होता. तो युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठीच्या खास आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्हणाला, नकार दिला असता तर मलाच मारलं असतं. न्यायाधीशांनी ती भीती खरी मानली, शिक्षा दहा वर्षांवरून पाचवर आणली. सोडलं मात्र नाही.

वेळ संपत आली, निर्माते खुणावतायत. ते तीनशे टॉवेल शेवटी थोरलीच्याच घरी गेले. परवा भेटली होती. म्हणाली, "अजून एक गठ्ठा सोडलेला नाही."