उकळूनही न गोठणारं प्रथिन

श्रोतेहो, नमस्कार. नागपुरात एम.एस्सी. करून संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींशी आज बोलायचं आहे, ते घडी नसलेल्या प्रथिनांविषयी.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; ती दुमडून एका ठरावीक आकारात बसते, ती तिची घडी. प्रथिनाची घडी ठरली की काम ठरलं, असं आपण शिकतो. 1999 मध्ये पीटर राइट आणि जेन डायसन यांनी या समजुतीचा फेरविचार करायला हवा, असं ठामपणे मांडलं. चेतापेशींतलं अल्फा-सिन्यूक्लिन घ्या. 140 अमिनो आम्लांची ही साखळी पाण्यात मोकळी असताना एका आकारात टिकतच नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत याच्याच गाठी सापडतात.

ते शुद्ध करायची रीत मोठी सुरेख आहे. जिवाणूंत तयार करायचं, बर्फावर पेशी फोडायच्या आणि द्रव 95 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी बाकीची बहुतेक प्रथिनं गोठतात, सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसतात. सिन्यूक्लिन वरच्या द्रवात राहतं, कारण उलगडायला त्याला घडीच नाही. मात्र पेशी फोडल्यावर रेंगाळू नका. मोकळी साखळी प्रोटिएजच्या, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरांच्या, तावडीत लगेच सापडते. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा साडेचौदाऐवजी सतरा-अठरा किलोडाल्टनपाशी (हे रेणूच्या वजनाचं एकक) दिसला तर नमुना फेकू नका. या साखळीला एसडीएस, म्हणजे जेलसाठी प्रथिनांना लावतात ते साबणासारखं रसायन, कमी चिकटतं, म्हणून ती आहे त्यापेक्षा जड भासते. खरं वस्तुमान मास स्पेक्ट्रोमीटरवर पाहा.

इथून पुढं एकट्या जीवरसायनशास्त्रानं भागत नाही. मोकळ्या साखळीचा स्फटिक होत नाही, म्हणून क्ष-किरणांचा नेहमीचा मार्ग बंद. सीडी म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाच्या शोषणावरून घडीचा अंदाज घेणारी पद्धत; तिचा आलेख 200 नॅनोमीटरजवळ खाली जातो, पण तिथेच क्लोराइडही प्रकाश शोषतं. तेव्हा बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, मिठाऐवजी सोडियम फ्लोराइड वापरा. एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणारी पद्धत, सरासरी सांगतो, आणि हजार वेगळ्या आकारांची सरासरी एकच येऊ शकते. ते आकार सुटे करायला एकेका रेणूची प्रतिदीप्ती मोजावी लागते, संगणकावर प्रतिरूपं चालवावी लागतात. म्हणून माझा आग्रह आहे: पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी पायथॉन आणि संख्याशास्त्र शिका. ते काम दुसऱ्यावर सोपवलं, तर स्वतःच्या आकड्यांना प्रश्न विचारता येत नाहीत.

गाठी कशा वाढतात हे थायोफ्लेविन-टी, म्हणजे गाठींना चिकटून चमकणारा रंग, घालून, 37 अंशांवर हलवत ठेवून पाहतात. आपल्या मे महिन्यात इथेच घात होतो. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो. खोलीच 42 अंशांवर गेली तर आत 37 राहणार कसे? थंड करण्याची सोय असलेलाच घ्या आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. फ्रीझरमध्ये गोठवून ठेवलेला नमुना असेल तर सुरुवातीला 100 किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा. आधीच तयार झालेले बारीक गुठळे राहिले, तर गाठी वेळेआधीच वाढू लागतात आणि दोन दिवसांचे आलेख जुळत नाहीत.