मेजर क्रॉफ्ट यांची पलटण

[दृश्य : समुद्रकिनाऱ्यावरचं छोटं इंग्रजी गाव, वाळूची पोती, काटेरी तारा]

31 जुलै 1968. बीबीसी वनवर एक नवी विनोदी मालिका सुरू झाली, 'डॅड्स आर्मी'. कथेतलं साल 1940. हिटलर आज येतो की उद्या, अशी धास्ती. आणि त्याला अडवायला उभं कोण? तर बँकेचा मॅनेजर, त्याचे दोन कर्मचारी, गावचा खाटीक आणि निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलेले दोन म्हातारे.

बीबीसीतल्या वरिष्ठांना घोर लागला होता. युद्धाच्या आठवणी अजून ताज्या. 'होम गार्ड' म्हणजे गावोगावच्या स्वयंसेवकांचं संरक्षण दल. त्याची थट्टा लोक खपवून घेतील? प्रसारणाआधी काही प्रेक्षकांना भाग दाखवला, तर त्यांची मतंही बेताचीच. तो अहवाल दिग्दर्शकाने वरपर्यंत जाऊच दिला नाही, असं सांगतात. पुढे नऊ वर्षांत 80 भाग झाले आणि ऐन भरात प्रेक्षकसंख्या 1 कोटी 80 लाखांच्या घरात गेली.

या दिग्दर्शकाचं नाव डेव्हिड क्रॉफ्ट. निर्मातेही तेच आणि सहलेखकही तेच.

[दृश्य : जुन्या नाट्यगृहाचा पडदा, मग लष्करी छावणी]

क्रॉफ्ट यांचा जन्म 1922चा, डॉर्सेटमधला. घर नाटकवाल्यांचं. आई ॲनी क्रॉफ्ट संगीत नाटकांतली नावाजलेली नटी. त्यांनी पुढे आडनावही आईचंच लावलं. महायुद्धात ते तोफखान्यात होते. उत्तर आफ्रिकेत आजारी पडले, बरे झाल्यावर हिंदुस्थानात आले आणि पुण्यात त्यांच्याकडे काम आलं ते सैनिकांच्या करमणुकीचं. लष्करातून बाहेर पडले तेव्हा हुद्दा होता मेजर.

शिस्तीची पलटण आणि विंगेतली धांदल, दोन्ही त्यांनी आतून पाहिली होती. पुढच्या साऱ्या कामाची शिदोरी तीच, असं आम्हाला वाटतं.

टेलिव्हिजनची उमेदवारी झाली न्यूकॅसलच्या टाइन टीज या छोट्या वाहिनीवर. तिथे जे समोर येईल ते हातावेगळं करायचं. साठच्या दशकात ते बीबीसीत आले. त्यांच्या एका मालिकेत जिमी पेरी नावाच्या नटाला छोटी भूमिका मिळाली. पेरी यांची एजंट होती क्रॉफ्ट यांची पत्नी, ॲन. पेरी पोरवयात स्वतः होम गार्डमध्ये होते, आणि त्या अनुभवावर लिहिलेली संहिता त्यांनी हळूच क्रॉफ्ट यांच्या हातात ठेवली. तीच 'डॅड्स आर्मी'.

[दृश्य : रांगेत उभे राहिलेले वयस्क शिपाई]

यातली पात्रयोजना बघा. कॅप्टन झालाय मध्यमवर्गीय, ताठ मानेचा बँक मॅनेजर. आणि त्याच्या हाताखालचा सार्जंट मात्र खानदानी, मऊ बोलणारा. ब्रिटिश वर्गव्यवस्था दोन माणसांच्या उभं राहण्यातून कळते, भाषण कुणालाच द्यावं लागत नाही. पलटणीतला सगळ्यात भोळा म्हातारा साकारणारे अर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत खरोखर जखमी झाले होते.

1973च्या एका भागातला प्रसंग ब्रिटनमध्ये आजही तोंडपाठ आहे. पकडलेला जर्मन अधिकारी एका पोराला नाव विचारतो. कॅप्टन रुबाबात ओरडतो, "सांगू नकोस त्याला, पाइक!" झालं, नाव कळलं. हसू येतं ते त्या रुबाबाचं. क्रॉफ्ट यांच्याकडे विनोद असा माणसाच्या स्वभावातून फुटतो.

नट जमले की ते त्यांना सोडत नसत. एका मालिकेतला चेहरा पुढच्या मालिकेत हमखास दिसायचा. फिरती नाटक कंपनीच म्हणा. आणि शेवटी पडद्यावर "तुम्ही पाहत होता..." अशी पाटी, मग एकेका नटाचा चेहरा आणि नाव. ती क्रॉफ्ट यांची सहीच झाली.

जेरेमी लॉइड यांच्यासोबत त्यांनी लिहिलेल्या 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'चा पहिला भाग तर पडूनच होता. 1972च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हत्याकांड झालं, प्रसारणाचं वेळापत्रक कोलमडलं आणि मोकळ्या जागेत तो लावला गेला. मालिका 1985पर्यंत चालली. मग सुट्टीच्या शिबिरातली 'हाय-डी-हाय!', मग नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समधल्या कॅफेवरची 'आलो आलो!'. ही शेवटची मालिका घासून गुळगुळीत झालेली वाक्यं पुन्हा पुन्हा वाजवते, पण लोकांना ती आवडली.

[दृश्य : देवळाली स्थानकाची पाटी]

आपल्याला मात्र थांबायला हवं ते 'इट एन्ट हाफ हॉट मम'पाशी. पेरी आणि क्रॉफ्ट यांनी मिळून लिहिलेली, ब्रिटिश लष्कराच्या करमणूक पथकाची गोष्ट. 1974 ते 1981, 56 भाग. सुरुवातीचं कथास्थळ नाशिकजवळची देवळाली. तिथल्या तोफखान्याच्या तळावर पेरी करमणूक पथकात होते, क्रॉफ्ट पुण्यात. म्हणजे दोघांनाही हा मुलूख ठाऊक होता. चित्रण मात्र इंग्लंडमध्येच झालं. हिंदुस्थानी पात्रं म्हणजे चहावाला, पंखेवाला आणि साहेबाहूनही जास्त साहेबी रंगी राम. ही मोठी भूमिका केली मायकल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला तपकिरी रंग फासून. बेट्स जन्माने झाशीचे, पण तेवढ्याने तो रंग पुसला जात नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांचा बावळटपणाही मालिकेने सोडलेला नाही, हे मान्य. तरीही गावातली इतर माणसं, त्यांची बोली, त्यांचा राग यांतलं फार थोडं कॅमेऱ्यासमोर आलं.

पेरी यांना ही आपली सर्वांत विनोदी मालिका वाटे. बीबीसी ती आता आपल्या वाहिन्यांवर पुन्हा दाखवत नाही. 'डॅड्स आर्मी' मात्र 2011मध्ये क्रॉफ्ट पोर्तुगालमध्ये वयाच्या 89व्या वर्षी गेले त्यानंतरही वर्षानुवर्षं, शनिवारी संध्याकाळी बीबीसी टूवर लागत राहिली.