संध्याकाळी खाडीवर पक्षी दिसत नाहीत? घड्याळ नको, तिथी बघा!

नमस्कार मंडळी! गेला महिनाभर कमेंटमध्ये एकच प्रश्न, ताई आम्ही ग्रुपने गेलो, पाच वाजता पोचलो, आणि ठाणे खाडीत एक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, धड दिसला नाही, असं का? दुर्बीण, टोपी, पाणी, मळके रंगाचे कपडे, हे सगळं तुम्हाला माहितीय, ते सोडा. तुम्ही तिथी बघितलेली का?

आम्हीपण चुकलोय. चौदा जणांना घेऊन भांडुप बाजूच्या बांधावर गेले, ही बाजू मला संध्याकाळी आवडते कारण ऊन पाठीमागे असतं, ऐरोलीकडून तेच ऊन डोळ्यात येतं. तर गेलो, आणि समोर नुसता चिखल, पक्षी म्हणजे लांबवर गुलाबी ठिपके, लहान पोरं कंटाळली. जाळं आवरत एक काका म्हणाले, "पुनवेच्या सांजेला पाणी कुठं शोधतेस गो?"

त्यांनी शिकवलेला हिशोब नीट ऐका. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि आम्ही नेमके तेव्हाच तिथे! अंदाज आहे हा, खाडीत आत जाल तसं पाणी अजून उशिरा पोचतं.

आता पक्ष्याच्या बाजूने बघा. त्याचं ताट म्हणजे चिखल. ओहोटीला ताट एवढं मोठं की तो कुठेही जेवेल, तुमच्याजवळ कशाला येईल? भरतीला ताट झाकलं जातं, मग रोहित नेरुळच्या तळ्यांवर जाऊन थांबतात. पाणी उतरायला लागलं की पहिला चिखल बांधाच्या पायथ्याशी उघडतो आणि भुकेले तुतवार, शेकाट्या तिथेच उतरतात. म्हणून षष्ठी, साडेचारला भरती आणि मग उजेडातच पाणी उतरतं! अष्टमीला भरती सहाला असते खरी, पण तेव्हा भांग, म्हणजे छोटी भरती, पाणी फार चढतच नाही.

एकाने लिहिलंय, "ताई, पंचांग वगैरे अंधश्रद्धा." अहो दादा, चंद्र पाणी ओढतो, तिथी म्हणजे चंद्राचाच हिशोब! ऐरोलीची फ्लेमिंगो बोटसुद्धा भरती बघूनच सुटते. २०१५ला इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ला ते रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं, पण कोळ्यांचा हिशोब त्याच्या कितीतरी आधीचा.

तर येत्या षष्ठीला साडेचारला बांधावर या, पाच-साडेपाचपर्यंत गप्प बसा, आणि अंधारताना टॉर्च लावू नका, तेव्हाच तिवरांतून रातबगळे "क्वॉक" करत बाहेर पडतात.