एक मिलिमीटरचा पत्रा

(दृश्य: बर्फाने पांढरं पडलेलं शेत. कॅमेरा वरून हळूहळू खाली येतो.)

फेब्रुवारी 2017. अमेरिकेतलं मिनेसोटा, आणि तिथली हाडं गोठवणारी थंडी. डुलुथहून एक वैमानिक छोटं मूनी विमान घेऊन एकटाच निघाला. हीटर चालू, ऑटोपायलट चालू. वाटेत त्याची शुद्ध हरपली. विमानाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते उडत राहिलं, मग आपलं आपणच खाली येत एका शेतात आदळलं. माणूस वाचला, पण असं नशीब क्वचितच कुणाचं असतं. सायलेन्सरला चीर गेली होती आणि तिच्यातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हीटरच्या वाटेने केबिनमध्ये येत होता.

ते विमान कारखान्यात तयार झालेलं होतं. आपल्याला बोलायचंय ते घरी बांधलेल्या विमानांतल्या हीटरबद्दल.

(दृश्य: गॅरेज. अर्धवट सांगाडा, रिव्हेटचे डबे, भिंतीवर नकाशे.)

अमेरिकेत अशी हजारो विमानं उडतात. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं, की विमानाची नोंद प्रायोगिक म्हणून होते. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव सगळ्यांना माहीत आहेत. कांदिवलीत हीटर कशाला लागतोय म्हणा! अमेरिकेच्या उत्तरेकडच्या विस्कॉन्सिनमध्ये मात्र तो लागतोच. साधारण दर हजार फुटांना तापमान 2 अंशांनी उतरतं. जमिनीवर उणे 10 असेल तर 6,000 फुटांवर उणे 22 धरून चाला. बोटं बधिर झाली की रेडिओचं बटणही धड फिरवता येत नाही.

हीटर कोणता बसवायचा, हे बांधणाराच ठरवतो. तो बरोबर बसलाय की नाही, हेही पुढे बहुतेक वेळा तोच तपासतो. काळजी वाटावी अशी जागा इथे आहे.

(दृश्य: इंजिनाचं झाकण उघडलेलं. एक्झॉस्ट पाइपवर कॅमेरा जवळ.)

लायकमिंग किंवा कॉन्टिनेंटलसारखं हवेवर थंड होणारं इंजिन असेल, तर जुना आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे हीट मफ. एक्झॉस्ट पाइपभोवती, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपभोवती, स्टेनलेसच्या पत्र्याचं नळकांडं गुंडाळायचं. त्यातून बाहेरची हवा खेळवली की ती पाइपला चाटून तापते आणि फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आग अडवणाऱ्या भिंतीवरच्या, डब्यात येते. डब्यात एक झडप असते. उघडली की ऊब पायांशी, मिटली की गरम हवा इंजिनाच्या बाजूलाच बाहेर. ही दुसरी वाट असायलाच हवी. हवा कोंडली तर मफखालचा पाइप भाजून निघतो आणि लवकर तडकतो.

ऊब फुकटची, वजन नगण्य. पण श्वासाची हवा आणि इंजिनाचा धूर यांच्यामध्ये काय आहे? एका पाइपची भिंत, जाडी जेमतेम एक मिलिमीटर. ती रोज तापते, निवते, थरथरते. आणि ज्या भागावर नजर ठेवायची, नेमका तोच मफखाली झाकलेला!

म्हणून मफ घ्यायचा तो चटकन उघडता येणारा. पन्नास स्क्रू काढावे लागणार असतील, तर दरवर्षी कोणी तो उघडणार नाही, मग देखभालीच्या वहीत काहीही लिहिलेलं असो. मफच्या आत पाइपचा सरकता जोड नको आणि शक्यतो वेल्डिंगची शिवणही नको. जास्त गरम व्हावं म्हणून काही जण आत स्टीलची घासणी किंवा स्प्रिंगा कोंबतात. माझ्या मते हा हावरटपणा आहे.

(दृश्य: पाइपवर ब्रशने साबणाचं पाणी. एका ठिकाणी बुडबुडे येतात.)

तपासणीची रीत साधी आहे. व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलटी लावून पाइपमध्ये हवा फुंकायची आणि वरून साबणाचं पाणी फिरवायचं. चीर असेल तिथे फेस धरतो. हवा न फुंकताही काही खुणा दिसतात. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं, त्यामुळे गळतीच्या जागी फिकट राखाडी ओघळ उमटतो. आणि एक गोष्ट नवख्याला कोणी सांगत नाही: एक्झॉस्टवर पेन्सिलीने खूण करायची नाही. पेन्सिलीतला कार्बन तापलेल्या धातूत मुरतो आणि पुढे त्याच रेघेवर तडा जाऊ शकतो. जस्ताचा मुलामा दिलेली हत्यारंही पाइपला लावायची नाहीत.

फायरवॉलवरचा डबाही बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो अॅल्युमिनियमचा असतो. फायरवॉलने साधारण 1,100 अंश सेल्सियसची आग 15 मिनिटं अडवावी, अशी अपेक्षा आहे. अॅल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. म्हणजे भिंत भक्कम, पण मधल्या भोकाला मेणाचं दार. इथे स्टेनलेसच हवं.

(दृश्य: रोटॅक्स इंजिन, रबरी नळ्या, छोटा रेडिएटर.)

रोटॅक्स 912 सारखं इंजिन असेल तर गाडीसारखा हीटर बसवता येतो. या इंजिनाच्या सिलिंडरांचे हेड कूलंटवर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवावर, थंड होतात; ते गरम कूलंट केबिनमधल्या छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं. एक्झॉस्टचा संबंधच उरत नाही. पण नळी सुटली तर उकळतं कूलंट पायांवर येतं, वाफेने समोरची काच धूसर होते, आणि कूलंट गेलं की इंजिनही जातं. तरी या दोन भयांतलं एक निवडायचं झालं, तर मी कूलंट निवडेन. गळती दिसते, वास येतो, पाय भाजतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

ऑइल कूलरमागची, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणाऱ्या जाळीमागची, गरम हवा आत घेणारेही आहेत. उष्णता कमी मिळते, पण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेवढ्यावर भागतं. विजेच्या हीटरचं गणित मात्र जमत नाही. इंजिनावर वीज तयार करणारा 60 अँपियरचा अल्टरनेटर 14 व्होल्टला 840 वॉट देतो, आणि त्यातच रेडिओ, दिवे, सगळं आलं. घरातला रूम हीटरच 2,000 वॉट खातो. त्यापेक्षा मोटारसायकलवाले घालतात तसं विजेवर तापणारं जाकीट बरं. हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं.

(दृश्य: पॅनेलवर छोटा डिटेक्टर. आकडा 0.)

हीटर कुठलाही असो, कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर हवाच. कारण धूर फक्त हीटरमधून येत नाही. उडताना केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असू शकतो, आणि पोटाखालून मागे जाणारा धूर चाकांच्या, पंखांच्या फटींतून आत ओढला जातो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 1982 ते 2020 या काळातले कार्बन मोनॉक्साइडमुळे झालेले 31 अपघात मोजले. 42 माणसं गेली. या 31 विमानांपैकी डिटेक्टर होता फक्त एकात, आणि तोही आवाज किंवा दिवा लावून सावध करणारा नव्हता. 2019 मध्ये इंग्लिश खाडीवर कोसळलेल्या विमानात फुटबॉलपटू एमिलियानो साला होता. त्याच्या रक्तातलं 58 टक्के हिमोग्लोबिन या वायूने बळकावलेलं आढळलं. ऑक्सिजनपेक्षा हा वायू हिमोग्लोबिनला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, आणि उंचीवर मुळात ऑक्सिजन कमी.

ठिपका काळा पडणारं स्वस्त कार्ड मिळतं, पण गुंगी येऊ लागलेला माणूस ठिपका बघत बसत नाही. घरासाठीचा डिटेक्टरही कामाचा नाही: 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग वायू) तो किमान तासभर गप्प राहतो. आकडा दाखवणारा आणि 50 पीपीएमच्या आसपास हेडफोनमध्ये ओरडणारा डिटेक्टर घ्या.

तो ओरडला की आधी हीटर बंद. मग ताज्या हवेच्या सगळ्या झडपा उघड्या, ऑक्सिजन असेल तर नाकाला, आणि जवळची धावपट्टी. उतरल्यावर मोकळ्या हवेत बरं वाटायला लागतं, म्हणून पुन्हा उडायचा मोह आवरा. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातलं हे विष निम्म्यावर यायलाच चार ते पाच तास लागतात. आणि चीर अजून तिथेच असते.