उन्हाळ्यात परत येणारं ‘गजकर्ण’

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की सोलापुरात त्वचेच्या दवाखान्यांपुढे रांगा लागतात. बहुतेकांना घामोळं नाहीतर गजकर्ण असतं. पण अधूनमधून असाही कुणी येतो, ज्याचं गजकर्ण वर्षानुवर्षं हटत नाही. उन्हाळ्यात काखेत, जांघेत, मानेवर लाल चट्टा उठतो, बारीक फोड फुटतात, कातडी सोलून लस येते. हात वर करायला लावला तर काखेत समांतर चिरा दिसतात. त्या चिरांनीच माणूस कळवळतो. गड्ड्याच्या यात्रेपर्यंत, थंडीत, बरंचसं आपोआप निवळतं आणि श्रेय जातं शेवटच्या ट्यूबला!

अशा वेळी विचारावं, घरात आणखी कुणाला? उत्तर जरा उशिराच येतं. “वडलांना होतं. पण ते यंत्रमागावर होते, घामानं व्हायचं.”

हे गजकर्ण नव्हेच. हा आजार घामानं वाढतो हे खरं, पण मूळ रक्तात आहे, म्हणजे तो आनुवंशिक आहे. आजाराचं नाव हेली-हेली. हेली आडनावाच्या दोन अमेरिकन डॉक्टर भावांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं. आपल्या तिसऱ्या गुणसूत्रावरचं एक जनुक पेशीतला कॅल्शियमचा पंप तयार करतं. त्यात बिघाड झाला की कातडीच्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटते. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पडक्या भिंतीतल्या सैल विटा दिसाव्यात तसं दिसतं. घाम आणि घर्षण मग उरलंसुरलं काम करतात.

“मामाची मुलगी केली म्हणून झालं,” असं आपल्याकडे लगेच म्हटलं जातं. या आजाराचा त्याच्याशी संबंध नाही. आई किंवा वडील, एकालाच असला तरी प्रत्येक मुलामुलीला निम्मी शक्यता राहते. तो बहुधा विशी ते चाळिशीत डोकं वर काढतो, म्हणजे लग्न होऊन गेल्यावर. आणि तो स्पर्शानं पसरत नाही. सुनेचं अंथरूण वेगळं टाकणाऱ्या घरांनी हे जरा मोठ्यानं ऐकावं.

मुळातून बरा करणारं औषध नाही, आटोक्यात मात्र राहतो. सैल सुती कपडे, कोरडी त्वचा, डॉक्टरांनी ठरवलेली मलमं, गरज पडली तर गोळ्या. घाम कमी करणारी इंजेक्शनं आणि लेझरही काहींना उपयोगी पडतात. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या, स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबा बंद करा. जखम एकाएकी फार दुखू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नागिणीच्या जातीचा विषाणू तिथे शिरू शकतो.

सिव्हिलला किंवा कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आजवर लावलेल्या ट्यूबांची खोकी पिशवीत घाला. बायकांनी नेलपॉलिश काढून जावं. या आजारात पुष्कळांच्या नखांवर पांढऱ्या उभ्या रेघा असतात, आणि त्या पाहूनही डॉक्टरांना शंका येऊ शकते.