चंद्राआड गेलेला ठिपका

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय कृष्णविवरांच्या वजनाबद्दल. वस्तुमान म्हणायला हवं, पण आपण वजनच म्हणू. दूरच्या दीर्घिकेच्या पोटात बसलेलं, स्वतः न दिसणारं हे धूड तोलतात कसं?

त्याआधी एक गोष्ट. साल 1962. ऑस्ट्रेलियात पार्क्स गावाजवळ, मेंढ्यांच्या कुरणात 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण नुकतीच उभी राहिली होती. कन्या राशीतून थ्री-सी 273 नावाचा कुणीतरी रेडिओलहरी पाठवत होता, पण नेमका कुठून, ते कळेना. खगोलशास्त्रज्ञ सिरिल हॅझार्ड यांनी हिशेब मांडला : चंद्र त्याच्यासमोरून जाणार आहे. लहरी कधी थांबल्या, कधी पुन्हा आल्या, एवढं टिपलं की जागा सापडली. चंद्राची कडा कुठल्या क्षणी कुठे असेल, हे ठाऊकच असतं. याला म्हणतात पिधान. शाळेत मुलांकडून ग्रहणं पाठ करून घेतात, पण चंद्रामागे दडणारी चांदणी दाखवायला गच्चीवर कुणी नेत नाही. न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

5 ऑगस्टचा दिवस ठरला. अडचण अशी, की चंद्र तेव्हा क्षितिजाकडे उतरलेला असणार आणि दुर्बीण तेवढी वाकायची नाही. तिथले प्रमुख जॉन बोल्टन. सांगतात, की त्यांनी आड येणारी झाडं पाडली, दुर्बीण फार झुकू नये म्हणून लावलेले अडसरही काढून टाकले. स्थानिक रेडिओ केंद्रांवरून विनंती झाली म्हणे, की त्या वेळात कुणी ट्रान्समीटर सुरू करू नका. आम्हा रेडिओवाल्यांची खगोलशास्त्राला एवढीच मदत, गप्प बसवण्याची! काम फत्ते झालं, आणि नोंदींच्या दोन प्रती घेऊन दोघं वेगवेगळ्या विमानांनी सिडनीला गेले. आयुष्यभराचे फोटो एका फोनमध्ये ठेवणाऱ्यांनी हे ऐकावं.

जागा कळली. तिथे एक ताऱ्यासारखा ठिपका आणि त्यातून निघालेला झोत. 1963 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ठिपक्याच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशात, ओळखीच्या हायड्रोजनच्याच रेषा ओळखल्या, तांबड्याकडे 16 टक्के सरकलेल्या. विश्व पसरतंय, म्हणून रेषा जितक्या जास्त सरकलेल्या, तितकं अंतर जास्त. म्हणजे तो 200 कोटी प्रकाशवर्षांहून दूर. एवढ्या लांबून इतका झगमगाट? आत राक्षसी कृष्णविवर असणार.

आता वजन. त्याच्याभोवती वायूचे ढग गरगर फिरतात. गोफण जितकी जोरात फिरेल, तितका हात घट्ट लागतो; तसंच ढग जितके वेगात, तितकी कृष्णविवराची ओढ मोठी. ढगांचा वेग वर्णपटातल्या रेषांच्या रुंदीवरून कळतो : वेग जास्त, तर रेषा रुंद. उरलं ढगांचं कृष्णविवरापासूनचं अंतर. मधला प्रकाश कमीजास्त झाला, की काही दिवसांनी ढगांचाही होतो. तो उशीर म्हणजे प्रकाशाला ढगांपर्यंत जायला लागलेला वेळ. तो मोजा, अंतर मिळालं. पुन्हा सांगतो : रुंदीवरून वेग, उशिरावरून अंतर, आणि दोन्हींवरून वजन.

थ्री-सी 273 चे ढग तर 2018 मध्ये थेटच मोजले. चिलीतल्या 8.2 मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणला, तेव्हा दिसलं, की चंद्राने दाखवलेल्या त्या झोताभोवतीच वायू फिरतोय. त्या वायूच्या चकतीची त्रिज्या 150 प्रकाशदिवस, म्हणजे प्रकाश 150 दिवसांत जाईल तेवढी, आणि कृष्णविवराचं वजन सुमारे 30 कोटी सूर्यांचं. अशा इतर बहुतेक दीर्घिकांत अजून उशिरावरच भिस्त असते. ढगांची मांडणी कशी आहे ते नीट कळत नाही, त्यामुळे उत्तर दुप्पट-तिप्पट चुकू शकतं.

एप्रिल-मेमध्ये, गावापासून दूर, आठ इंची दुर्बिणीतून हा ठिपका तुम्हालाही दिसेल. नकाशा मात्र सोबत ठेवा, आजूबाजूचे तारे अगदी तसेच दिसतात. नमस्कार.